जिन्याखालची पेटी

एकदा एक बाई फोनवर इतक्या मोठ्याने ओरडली, की तिच्या दाराशी आलेले तिचे वृद्ध गुरुजी पायरीवरच थबकले.

बाईचे नाव हेमांगी. नदीकाठच्या एका तालुक्याच्या गावी ती राहत असे आणि बोलताना अडखळणाऱ्या मुलांना बोलते करण्याचे काम करीत असे. पूर्वी मूल आणि ती समोरासमोर बसत. आता दूरदूरची मुले संगणकाच्या पडद्यावर तिच्यापुढे येत. स्वभावाने ती शांत होती. शांत असल्यावाचून ते काम साधतच नाही. मूल एखाद्या अक्षरापाशी अडले, की त्याचा शब्द आपण पुरा करायचा नाही, घाई करायची नाही, नजरही वळवायची नाही. शब्द स्वतःच्या पायांनी चालत येईपर्यंत थांबायचे, हा तिचा नेम होता. त्या नेमाची बाई ओरडत होती, याचे गुरुजींना नवल वाटले.

गुरुजी म्हणजे मोरेश्वरशास्त्री. पाठशाळेत उभा जन्म न्यायशास्त्र शिकवून आता ते घरीच असत. विचार कसा करावा हे शिकण्यासाठी हेमांगी दर आठवड्याला दुपारच्या जेवणाआधी त्यांच्याकडे जाई. त्या दिवशी ती गेली नाही, म्हणून जेवण आटोपून, काठी टेकत, तेच चौकशीला आले होते.

"मी तुम्हाला शेवटचं सांगते आहे," हेमांगी फोनमध्ये म्हणत होती, "तुम्हाला यातलं काहीही कळत नाही! ज्याला कळतं त्याला फोन द्या!"

"असुविधेबद्दल क्षमस्व, मॅडम," फोनच्या स्पीकरवरून एका तरुण मुलीचा आवाज आला. "आपण राउटर एकदा बंद करून चालू केला का?"

हेमांगीने फोन टेबलावर टाकला, दोन्ही हातांनी डोके धरले, आणि मग तिला गुरुजी दिसले. ती शरमून उठली.

"या ना गुरुजी. मी आज येऊ शकले नाही. सकाळपासून याच भानगडीत आहे."

"कशाच्या?"

"इंटरनेटच्या. रोज दुपारी जातं आणि संध्याकाळी आपलं आपण येतं. कितीदा तक्रार केली! दर वेळी नवा माणूस, दर वेळी कहाणी पहिल्यापासून, आणि दर वेळी औषध एकच, बंद करून चालू करा. आज सकाळी त्यांचा माणूस आला, तेव्हा नेमकं चालू होतं. हिरवा दिवा पाहिला, 'चालू तर आहे की' म्हणाला आणि गेला. मोबाइलवरून करावं, तर आपल्या या सखल भागात आवाज पोचतो, चित्र पोचत नाही."

"मग एक दुपार नसलं इंटरनेट, तर काय बिघडतं?" गुरुजींनी विचारले. त्यांच्या स्वरात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते.

हेमांगी खुर्चीत बसली. "ओवी म्हणून एक मुलगी आहे," ती म्हणाली. "आठ वर्षांची. तिकडे तळोद्याला असते. स्वतःचंच नाव तिला सांगता येत नाही, 'ओ'पाशी अडते. मागच्या खेपेस 'माझं नाव' एवढं म्हणून ती थांबली. ओठ थरथरत होते. मीही थांबले होते. गुरुजी, शब्द येणार हे मला दिसत होतं हो! आणि तेवढ्यात पडदा काळा झाला. पुन्हा जोडणी होईपर्यंत संध्याकाळ झाली. तिच्या आईने मला नंतर सांगितलं, ओवी रडत म्हणाली, मी उशीर लावला म्हणून मॅडम निघून गेल्या."

गुरुजी तिच्यासमोर बसले.

"तेव्हापासून ती घरातसुद्धा बोलत नाही. आज तिची वेळ आहे, आता थोड्याच वेळात; तिच्या आईला दुपारचीच सवड असते. आजही असंच झालं तर हे सगळं राहू द्या, असं तिची आई म्हणाली आहे."

तेवढ्यात टेबलावरून आवाज आला, "हॅलो, मॅडम? आपण लाइनवर आहात का?" फोन अजून सुरूच होता.

गुरुजींनी तो उचलला. "मुली, तुझं नाव काय?"

"सर, मी सादिया. मी आपली काय मदत करू शकते?"

"मदत मागाहून. आधी मला सांग, तुला तिथून काय दिसतं?"

सादिया गोंधळली. "सर?"

"आम्हाला इथून एक पांढरी डबी दिसते आणि तिच्यावर लाल दिवा. तुला काय दिसतं?"

हेमांगीला राहवेना. वेळ चालला होता, आणि गुरुजी एखाद्या पाहुणीशी गप्पा माराव्यात तसे बोलत होते. "गुरुजी, तिला काही दिसत नाही. ती फक्त लिहिलेलं वाचते," ती दबक्या आवाजात म्हणाली. गुरुजींनी नुसते बोट वर केले.

"मॅडमचं खरं आहे, सर," सादिया म्हणाली. तिचा आवाज बदलला होता; पाठ केलेला गोडवा त्यातून गेला होता. "आम्हाला प्रश्न लिहून आलेले असतात, ते आम्ही वाचतो. मला काय दिसतं, हे कधी कोणी विचारत नाही. मला तुमचं नाव दिसतं, पत्ता दिसतो, आणि पुढे लाल खूण. बंद म्हणून."

"आणखी?"

"थांबा हं. एक दुसरं पान असतं, ते आम्ही सहसा उघडत नाही." कळा दाबल्याचे आवाज आले. "सर, हे वेगळंच आहे. तुमचं एकट्याचं जात नाही. तुमच्याबरोबर आणखी बरीच घरं एकाच क्षणी लाल होतात. सगळी एकाच बॉक्सवरची आहेत, म्हणजे तारा जिथून घरोघरी वाटल्या जातात त्या पेटीवरची. आणि संध्याकाळी सगळी एकदम हिरवी होतात."

"मग बाकीचे लोक तक्रार का करत नाहीत?" हेमांगी पुढे सरसावून म्हणाली. आपण विचारतो आहोत, ओरडत नाही, हे तिचे तिलाही कळले नाही.

"दुपारी घरी नसतील, मॅडम. किंवा केलीही असेल. प्रत्येकाची तक्रार वेगळी लिहिली जाते. सगळ्या एकत्र कोणी वाचत नाही."

गुरुजींचे डोळे एखादा अवघड पूर्वपक्ष हाती लागावा तसे चमकले. "हा बॉक्स आहे कुठे?"

"इथे फक्त त्याचा नंबर आहे, सर. जागा लिहिलेली नाही." मग किंचित संकोचून ती म्हणाली, "खरं सांगू? मी तो बॉक्स कधी पाहिलेलाच नाही. कसा असतो?"

"मग चल, पाहू या," गुरुजी म्हणाले, जणू ती चपला घालून शेजारीच उभी होती. आणि हेमांगीकडे वळून त्यांनी विचारले, "ही तार तुझ्या घरात कोणत्या बाजूने येते?"

इतकी वर्षे हेमांगी त्या तारेच्या जिवावर काम करीत होती, पण ती तार कोणत्या भिंतीतून आत येते, हे तिला सांगता येईना.

दोघे बाहेर पडली. खिडकीच्या चौकटीतून निघालेली काळी, बारीक तार कुंपणावरून पलीकडे गेली होती. गुरुजी मान वर करून पुढे चालत, आणि त्यांचा पाय खड्ड्यात पडू नये म्हणून हेमांगी खाली पाहत चाले. फोन तिच्या हातात होता आणि सादिया त्यातून ऐकत होती.

"आता ती शेवग्याच्या झाडातून गेली," गुरुजी सांगत होते.

"झाडातून?" सादिया म्हणाली. "आमच्याकडे पडद्यावर सरळ रेघ दिसते, आजोबा." सरांचे आजोबा कधी झाले, हे तिघांपैकी कोणाच्या लक्षात आले नाही.

"सरळ कसली! आता पिठाच्या गिरणीच्या पत्र्यावर चढली. तिथून खांबावर. खांबावर तर तारांचा नुसता गुंता आहे, त्यात कावळ्याने घर केलं आहे."

सादिया हसली. हेमांगीलाही हसू आले, आणि लगेच घड्याळाकडे लक्ष जाऊन ते मावळले. ओवीची वेळ जवळ येत होती. तरी पाय मागे फिरेनात. तार पुढे कोठे जाते हे आता तिलाही पाहायचे होते.

तार एका बोळात वळली आणि एका दुमजली घराच्या मागच्या बाजूस जाऊन संपली. तेथे बाहेरून वर जाणारा लोखंडी जिना होता. जिन्याखाली भिंतीला करड्या रंगाची पत्र्याची पेटी ठोकलेली होती, आणि तिच्यात चारी दिशांनी तशाच काळ्या तारा शिरत होत्या. शेजारी लाकडी फळीवर एक बटण होते.

बटण बंद होते.

"हे काय!" हेमांगी जवळजवळ किंचाळली. संताप आणि आनंद तिच्या मनात एकदमच उसळले. "नुसतं बटण! इतके दिवस मी ज्याच्यासाठी जीव टाकते आहे, ते कुणीतरी नुसतं बंद करून ठेवलं आहे!" आणि तिने हात पुढे केला.

गुरुजींनी तिचे मनगट धरले. त्या थकलेल्या हातात इतके बळ असेल, असे तिला कधी वाटले नव्हते.

"थांब."

"गुरुजी, ओवीची वेळ झाली! एक बटण तर दाबायचं आहे!"

"थांब म्हटलं ना." आणि मनगट न सोडता त्यांनी वर तोंड करून हाक मारली, "कोणी आहे का हो वर?"

"हाय की! कोन हाय खाली?" जिन्याच्या वळणापलीकडून एका बाईचा आवाज आला. मग पाण्याची जाड नळी खांद्यावर टाकलेली एक वयस्क बाई वाकून खाली पाहू लागली. पाय अनवाणी होते, लुगडे गुडघ्यापर्यंत भिजलेले होते, आणि एका हाताने तिने लोखंडी कठडा घट्ट धरला होता. जिन्याच्या पायऱ्यांवरून पाणी थेंबथेंब गळत होते.

खाली कोण कोठे उभे आहे हे दिसताच ती ओरडली, "त्या बटनाला हात लावू नगा! जिना वला हाय!"

हेमांगीचा हात आपोआप मागे आला.

बाई सांभाळून खाली उतरली. तिचे नाव मालनबाई. पदराला हात पुसत तिने सांगितले, "दुपारी नळाला पानी येतं. वरच्या टाकीत चढवाया ही नळी जिन्यावरनं न्यावी लागती, मग जिना सगळा भिजतो. आन् ही पेटी चालू आसली, की कठड्याला करंट उतरतो. मागं माझ्या नातीनं कठडा धरला, तर पोर तितंच चिकटून बसली. मी लाकडी धोपाटनं घालून तिला ढकलली, तवा सुटली. देवाची किरपा म्हनून वाचली. तवापासनं पानी आलं की मी बटन बंद करते. जिना वाळला की चालू करते."

"पण तुम्ही हे कुणाला सांगितलं नाही?" हेमांगीने विचारले.

"न सांगून कसं? वीजवाल्यांस्नी सांगितलं. ते म्हनले, पेटी आमची न्हाई. मग पेटीवर ह्यो नंबर हाय, त्याच्यावर फोन लावला. तिथली पोरगी म्हनली, आजी, एकदा बंद करून चालू करा." मालनबाईंनी हात पसरले. "मग मी काय करते? रोज बंद करते, रोज चालू करते!"

फोनमधून सादिया हळूच म्हणाली, "आजी, ती मीच असेन. नाहीतर माझ्या शेजारी बसणारी. आम्ही सगळ्या तेच सांगतो."

"तू व्हय ती?" मालनबाई फोनकडे वाकून म्हणाल्या. रागाने नव्हे, एवढ्याशा वस्तूत ती पोरगी सापडल्याचे त्यांना कौतुक वाटले असावे.

"मॅडम," सादिया म्हणाली, "मी हे 'इंटरनेट बंद' या सदरात लिहीत नाही. 'विजेचा धक्का, जिवाला धोका' असं लिहिते. ते वेगळ्या माणसांकडे जातं आणि त्यांना आजच यावं लागतं. तोपर्यंत बटण चालू करू नका. कुणालाही करू देऊ नका."

ती माणसे खरोखरच संध्याकाळी आली. पेटीला वीज पुरवणारी तार कठड्याला घासून उघडी पडली होती. ती त्यांनी काढली आणि पेटी खांबावर नेली. पण ते मागाहूनचे. त्या घटकेला हेमांगी जिन्याशेजारच्या दगडावर बसली आणि आपल्या मनगटाकडे पाहू लागली. गुरुजींच्या बोटांचे वळ अजून त्यावर होते. आपला हात तेवढा पुढे गेला असता, तर वर ओल्या कठड्याला धरून उभी असलेली बाई...

"गुरुजी," ती म्हणाली, "वर कोणी आहे, हे तुम्हाला कसं कळलं?"

"मला कळलं नव्हतं," गुरुजी तिच्यासमोर काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. "बटण आपोआप बंद होत नाही, कोणीतरी ते बंद केलं आहे, एवढंच मला दिसलं. आणि रोज आठवणीने जी गोष्ट कोणी करतो, ती उगाच करत नसतो. त्याचं कारण मला ठाऊक नव्हतं. ज्याचं कारण ठाऊक नाही ते मोडण्याची घाई करू नये, एवढ्यासाठी तुझा हात धरला."

ते पुढे म्हणाले, "हेमांगी, आज कोणीही खोटं बोललं नाही. तुझा लाल दिवा खरा होता आणि सकाळच्या माणसाचा हिरवा दिवाही खरा होता. सादियाच्या पानावरच्या खुणा खऱ्या, मालनबाईंचा धक्का तर सर्वांत खरा. पण जो तो आपलं खरं दुसऱ्याच्या अंगावर फेकत होता. तक्रार केली की समोरचा माणूस स्वतःला झाकून घेतो. तोच, विचारलं की पाहू लागतो. जे पाहायला हवं होतं ते तुम्हा सर्वांच्या मधे होतं, आणि तिथवर चालत कोणी आलं नव्हतं."

हेमांगीने मान खाली घातली. अडखळणाऱ्या लेकरासाठी मी थांबते, ती मनात म्हणाली, पण फोनवरच्या त्या मुलीचे एक वाक्य मी पुरे होऊ दिले नाही. तिने फोन तोंडाशी नेला. "सादिया, मघाशी मी ओरडले. ते चुकलं माझं."

"असू द्या, मॅडम. आज मला बॉक्स कसा असतो ते कळलं. आमच्या मजल्यावर कुणालाच माहीत नाही," सादिया म्हणाली. "बॉक्सवर कावळ्याचं घर नाही ना?"

"नाही, ते खांबावर आहे," हेमांगी म्हणाली, आणि दोघी हसून थांबल्या. फोन बंद झाला.

ओवीची वेळ होऊन गेली होती. हेमांगीने तिच्या आईला साधाच फोन लावला.

"म्हणजे आजही नाही का, मॅडम?" आईचा स्वर थकलेला होता.

"आज चित्र नाही. पण मी आहे. ओवीला फोन द्या ना."

फोन हातातून हातात गेल्याची सळसळ झाली. मग नुसता श्वास ऐकू येऊ लागला.

"ओवी, त्या दिवशी मी निघून गेले नव्हते," हेमांगी म्हणाली. "तुझ्या शब्दाची वाट पाहत होते. इथे आमच्या गावात एका आजींनी एक बटण बंद केलं, म्हणून आपलं बोलणं तुटलं. तुझ्यामुळे नाही. तू उशीर लावलाच नव्हतास."

पलीकडे सारे स्तब्ध झाले. पडद्यावर मुलीचा चेहरा दिसतो, थरथरणारे ओठ दिसतात. फोनवर काहीच दिसत नाही. मूल शब्दापाशी अडले आहे, की फोन ठेवून निघून गेले आहे, की जोडणीच तुटली आहे? 'हॅलो, हॅलो' हे शब्द हेमांगीच्या जिभेवर आले. तिने ते परतवले. गुरुजी हलले नाहीत. मालनबाई नळी गुंडाळत होत्या, त्यांनीही हात थांबवला. जिन्याचे पाणी एका डबक्यात टपटपत राहिले.

"आ... आ..." फोनमधून आले, आणि पुन्हा शांतता. "आजींनी..."

कोणी काही बोलले नाही.

"आजींनी ब... बटण का बंद केलं?"

उत्तर हेमांगीच्या ओठांवर होते. ती ते देणार, तोच थांबली. तिच्या चेहऱ्यावर हसू पसरले, डोळे भरून आले. "आजी इथेच आहेत," ती म्हणाली. "तूच विचार त्यांना."

तिने फोन मालनबाईंच्या हाती दिला. मालनबाईंनी तो पदराने पुसला, कानाला लावला आणि खाली दगडावर ऐसपैस बसून त्या म्हणाल्या, "विचार गं माझे बाई. मला काय घाई न्हाई."

उत्तरे सर्वांपाशी असतात. समोरच्याचा प्रश्न पुरा होईपर्यंत थांबणे, तेवढे मात्र शिकावे लागते.